आबांच्या जबाबातला एक शब्द

सातपुड्यात विमान कोसळलं, ती घटना मी अजून विसरलेलो नाही. इंग्रजी अमदानी होती. शिरपूरच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ठाण्यावर मी फौजदार होतो. मूळचा साताऱ्याकडचा, बदली होऊन जेमतेम महिना झालेला. लेखनिकही माझ्याच मुलखाचा. अहिराणी आपल्याला कळते, असा आम्हा दोघांचा समज होता. समजाला काय, पैसे थोडेच पडतात!

श्रावणातले ढग चार दिवस डोंगरावर ठाण मांडून बसले होते. एका धनिकाचं लहानसं खाजगी विमान त्या ढगांत वाट चुकलं आणि कड्याला घासून खाली आलं. पोलीस पाटलाची वर्दी मिळताच आम्ही चिखल तुडवत गेलो. पंख मोडलेले, बैठकीवर रक्त, आणि वैमानिकाचा पत्ता नाही. धुळ्याहून साहेबांचा हुकूम आला: माणूस शोधा, जिवंत किंवा मेलेला.

तिसऱ्या दिवशी खबर लागली. गावोगाव बांगड्या भरणाऱ्या एका कासाराने सांगितलं की, पायथ्याच्या वस्तीवर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या अंगणात कानांवर झापडं असलेली चामडी टोपी वाळत आहे. आम्ही झडती घेतली. टोपी मिळाली, माणूस नाही. म्हाताऱ्याला ठाण्यावर आणलं. गाव त्यांना आबा म्हणे.

"आबा, टोपीवाल्याचं काय केलंत?"

"त्याले दपाडी टाकं."

इतकी सरळ कबुली! लेखनिकाने झरझर लिहिलं, 'त्यास दडपून टाकले.' माझ्या डोळ्यांपुढे दगडाखाली दडपलेलं प्रेत उभं राहिलं.

"का?"

"तुम्ही त्याले लई जाशात म्हनीसन." आम्ही नेऊ नये म्हणून! हेतूही आयताच मिळाला.

"कुठं दडपलंत?"

"ते सांगाव नही."

दोन तास उलटसुलट विचारलं. दरडावलं, चहा पाजला. म्हाताऱ्याचं एकच पालुपद, 'ते सांगाव नही.' शेवटी जबाबाखाली त्यांचा अंगठा घेतला आणि खुनाचा गुन्हा नोंदवून त्यांना कोठडीत घातलं. तेवढ्या कागदावर माणूस फासावर जायला वेळ लागला नसता. मी मात्र खूश होतो. नव्या ठाण्यावर पहिल्याच महिन्यात खून उघडकीला आणला, ही काय साधी गोष्ट होती?

दुसऱ्या दिवशी दुपारी आबांची बायको, गावाची अक्का, भाकरी बांधून आली. थकलेली, पण आवाज खणखणीत. "फौजदार भाऊ, यास्ले सोडा. त्या साहेबले उठाडाले, बसाडाले मी एकली पुरत नही."

"कोणत्या साहेबाला?"

"तोच, आभायमधून पडेल. सकायपासून भाकर मांगी राहिना."

मेलेला माणूस भाकर मागतो? लेखनिकाचा टाक हवेतच राहिला. तेवढ्यात जिल्ह्यातलाच आमचा हवालदार रजेवरून परतला. त्याने जबाब वाचला आणि तोंडावर हात धरून हसू दाबलं. "साहेब, आमच्याकडे दपाडणं म्हणजे लपवणं."

आम्ही सुतावरून स्वर्ग गाठला होता! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी स्वतः कोठडीचं कुलूप काढलं.

शेतातल्या गोठ्यात, कडब्याच्या आड बाजेवर तरणा वैमानिक पडला होता. पाय बांबूच्या कामट्यांनी पक्का बांधलेला. हाड बसवणाऱ्याने बजावलं होतं, सात दिवस हलवायचं नाही. पोलिसांना कळलं तर ते बैलगाडीत घालून धुळ्याला नेतील आणि पोराचा पाय जाईल, ही आबांची धास्ती. मी धुळ्याहून डॉक्टरलाच गोठ्यात बोलावलं. पाय तपासून डॉक्टर म्हणाले, "उत्तम बसवलाय. हलवला असता तर गेलाच होता." उरलेले दिवस तिथे माझाच शिपाई पहाऱ्याला होता, आणि अक्कांची भाकरी खाऊन तोही जरा बाळसं धरून आला.

गुन्हा रद्द करण्याचा अहवाल पाठवला, त्यात स्वतःची चूक लिहिली. साहेबांची बोलणी खाल्ली. पण पाय आणि मान, दोन्ही वाचल्याचा आनंद त्याहून मोठा होता. मी माफी मागायला गेलो तेव्हा न राहवून विचारलं, "आबा, तुमच्या गळ्याशी आलं होतं. तो जिवंत आहे, एवढं तरी सांगायचं!"

आबा शांतपणे म्हणाले, "जित्ता शे का, हाई तुम्ही इचारंच नही."

खरंच विचारलं नव्हतं. कुठं, का, कसं, सगळं विचारलं होतं. पुढे पेन्शनीत निघेपर्यंत बेपत्ता माणसाच्या प्रत्येक चौकशीत माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: तो जिवंत आहे का?