समुद्रातली वहिवाट

निळी फीत बांधलेल्या घडांना त्या सोमवारी अकरा आठवडे पूर्ण झाले. केळीचा घड निसवला, म्हणजे झाडातून बाहेर पडला, त्या आठवड्याच्या रंगाची फीत मी बांधतो, म्हणजे कापणीचा हिशेब चुकत नाही. आखातात जाणारी केळी याच आठवड्यात कापावी लागतात. चार दिवस उशीर झाला, की ती समुद्रप्रवासाच्या कामाची राहत नाहीत.

नेमकी त्याच पंधरवड्यात आखाताच्या तोंडाशी दोन देशांची नौदलं समोरासमोर उभी राहिली. निर्यातदाराचा फोन आला, "कंटेनर बंदरापर्यंत जाईल, पुढचं सांगता येत नाही. कापायचं की नाही, संध्याकाळपर्यंत कळवा."

मी मोबाइलवर समुद्राच्या कायद्याचा करार शोधून वाचला. अशा सामुद्रधुनीतून परक्या जहाजांना जाऊ द्यावंच लागतं, असं त्यात स्पष्ट आहे. कलम वहीत उतरवलं आणि बांधावर बसलेल्या थोरल्या चुलतभावाला दाखवलं.

"नाना, कायदा आपली बाजूना शे."

नाना हसले. "समुद्रमा तहसीलदार कोन शे रे भाऊ? तुना रस्ताना निकाल इसरी गया का?"

विसरलो नव्हतो. शेजाऱ्याने आमचा वहिवाटीचा रस्ता नांगरला, तेव्हा मी तहसील कचेरीत एकोणीस तारखांना हजर राहिलो. निकाल माझ्या बाजूने लागला. दुसऱ्याच दिवशी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर रस्त्यात आडवा, मागचं चाक काढलेला. म्हणाला, "बिघडना शे." निकालाची प्रत खिशात ठेवून आम्ही सहा दिवस डोक्यावरून घड वाहिले.

तरीही मी निर्यातदाराला कलम वाचून दाखवलं.

"आधीची दोन जहाजं तपासणीसाठी थांबवलीत," तो म्हणाला. "आज नववा दिवस."

"कोणत्या कायद्याने?"

"दोघंही कायदाच सांगतात, भाऊ. ज्याच्याकडे तोफा जास्त, त्याचा अर्थ खरा."

हे नऊ दिवस मी वहीत प्रवासाच्या दिवसांत मिळवून पाहिले. केळी वाटेतच पिकणार होती.

संध्याकाळी नकार कळवला. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडे जाणारा ट्रक बांधाला लागला. अकरा आठवडे डाग पडू न दिलेले घड हमालांनी पाल्यावर एकावर एक रचले. नाना म्हणाले, "हळू रे, हळू!"

मी हमालांना पुढचा घड उचलून दिला. दिल्लीच्या बाजारात डाग कोणी पाहत नाही.