सलोमीबाईंचं अरबस्तान

कधीही न भेटलेल्या माणसाला तुम्ही देशद्रोही म्हटलं आहे का? मी म्हटलं आहे. लाल शाईत, एकेक अक्षर बोटाएवढं काढून. आणि ज्या बाईविषयी ते लिहिलं होतं, तिनंच ते माझ्यासमोर साऱ्या गावाला मोठ्यानं वाचून दाखवलं.

शेहेचाळीस सालचा हिवाळा होता. मी वीस वर्षांचा. वडूजपासून दीड कोसावरच्या एका गावात माझी बहीण तारा दिलेली. तिचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले, तेव्हा आईनं मला कोरेगावहून तिच्याकडे धाडलं. तिथे पोचलो तर कानावर आलं, की सांगलीकडच्या मिशनच्या दवाखान्यातली एक ख्रिस्ती नर्स गावात बाळंतपणाची खोली मागायला येणार आहे, आणि ती नुकतीच अरबस्तानात मिशनचं काम करून परतली आहे. मला एवढं पुरेसं होतं. माझं शिक्षण शाळेपेक्षा पत्रकांवर जास्त झालेलं. बेचाळीसात गुपचूप हातोहात फिरणारी बुलेटिनं मी पाढ्यांसारखी पाठ केली होती. एका बैठकीत पत्रक लिहून काढलं आणि चावडीच्या भिंतीला खळीनं चिकटवलं: "गोऱ्यांच्या पगारी प्रचारिकेला थारा देऊ नका! देश सोडून परमुलखात साहेबाची चाकरी करून आलेली ही बाई आता आपल्या लेकीबाळींना बाटवायला आली आहे. देशद्रोह्यांना ओळखा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या, सलोमीबाई, आल्या. पंचेचाळिशीच्या, उंच, किंचित वाकलेल्या. पांढरं लुगडं, पायांत कॅनव्हासचे बूट, काखेत काळी छत्री. चावडीपुढे जमलेली माणसं लाल अक्षरांकडे नुसतीच बघत होती, कारण वाचता येणारे दोघे-तिघेच, आणि ते गप्प होते.

"कुनी वाचलं का ह्ये?" सलोमीबाईंनी विचारलं. त्या भिंतीजवळ गेल्या. "मग मीच वाचते."

त्यांनी ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं. माझ्या उद्गारचिन्हांना जागून आवाज चढवला. 'देशद्रोह्यांना' या शब्दावर तर छत्री उगारली. एक म्हातारा पुढे सरकून म्हणाला, "लय जोरकस लिवलंय. कुनाबद्दल हाय ह्ये?"

"माझ्याबद्दल हाय, बाबा," त्या म्हणाल्या. "अक्षर झकास हाय. कुनाचं?"

मी उभा राहिलो. पळून जाणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं.

"ये की म्होरं. नखं दाव आधी."

मी मुकाट्यानं हात पुढे केले. नखांत लाल शाई भरलेली होती. सगळी चावडी हसली. पुढे कळलं, की बाई भेटेल त्याची नखं आधी बघत. पाटलांची बघत, शाळामास्तरांची बघत. मिशनच्या गोऱ्या डॉक्टरीणबाईंचीसुद्धा बघत, असं ऐकलं. पण त्या दिवशी मला वाटलं, माझी झडतीच झाली.

मी विचारलं, "तिकडं किती जणांना बाटवलंत?"

"एकीला बी न्हाई. त्यांनीच मला दोनदा मुसलमान करायचा इचार केला. लय मायेची मानसं." मग हसू आवरून म्हणाल्या, "मी ख्रिस्ती हाय, प्रार्थना करते. ते लपवीत न्हाई. पर आडलेल्या बाईला आधी उकळलेलं पानी लागतं, माझी प्रार्थना मागनं चालती. आन् पगारी म्हनशील, तर तिथं पगार न्हवता. मिशननं इचारलं, कोन आपखुशीनं जातंय? मी हात वर केला. मागं नवरा न्हाई, पोर न्हाई. माझा हातच तेवढा मोकळा हुता."

पाटलांनी मुद्द्याला हात घातला. "ते समदं खरं. पर बाई, तुमी मूळच्या कुठल्या?"

"उंब्रजच्या. घर वेशीभाईर हुतं."

बाईंना कुणी बसा म्हणालं नाही. त्या आपणहून खालच्या पायरीवर बसल्या. माझ्या पत्रकाच्या शेवटी समतेवर दोन ओळी होत्या, आणि मी परत वर घोंगडीवर जाऊन बसलो होतो. हे लिहिताना आजही कान तापतात.

पाटील म्हणाले, "खोली न्हाई. आमची सुईन हाय. ही बगा धोंडाबाई."

मागच्या बाजूला घोंगडी पांघरून बसलेली सत्तरीची धनगर म्हातारी फणकारली, "माज्या हातचं काम काढून घ्याया आलीया ही! माजं लुगडं, माजी दान्याची पायली, समदं हिच्या घशात जायाचं."

मला वाटलं, आता बाई वाद घालतील. त्यांनी छत्री काखेत घेतली आणि म्हणाल्या, "मग मी मावशीच्याच दारात बसते."

आणि खरोखरच बसू लागल्या. वडूजला एका ख्रिस्ती मास्तरांकडे उतरलेल्या. तिथून रोज सकाळी चालत यायच्या. धोंडाबाईच्या अंगणाच्या कडेला बसून लोकर निवडायच्या, काटेकुटे काढायच्या. पहिले आठ दिवस म्हातारी त्यांच्याशी बोलली नाही, पण लोकर मात्र रोज पुढ्यात टाकायची. मी चिडलो. शत्रूचा असला, तरी लढा लढ्यासारखा असावा! एकदा वाटेत गाठून विचारलं, "बाई, तुम्ही नर्स ना? मग तिला जंतू, स्वच्छता, काही सांगत का नाही?"

"ते सांगून झालंय माझं," त्या म्हणाल्या. "अरबस्तानात."

मग चालता चालता त्यांनी सांगितलं. समुद्राकाठचं गाव, मातीची घरं. पहिल्याच दिवशी एका घरी कॉफी दिली, इवल्याशा कपात. संपली की यजमानीण पुन्हा ओती. बाईंनी आपल्याकडे ताटावर आडवा हात धरतात तसा कपावर हात धरला. यजमानिणीला ते कळेना. ती बाईंचा हात प्रेमानं बाजूला करी आणि ओती. दिलेलं टाकायचं कसं, म्हणून बाई पीत गेल्या. "नऊ कप पेले! दोन दिस छातीत घोडं पळत हुतं. मागनं कळलं, तिथं कप जरासा हलवून परत द्याचा, म्हंजी बास. नगं म्हनायचं बी त्यांच्याकडनंच शिकावं लागतं, लेकरा."

तिथल्या बाळंतिणींना आतून मीठ लावायची चाल होती. जखम आवळते अशी समजूत. त्यानं वाट आखडून पुढच्या बाळंतपणात बायका मरत. बाईंनी गेल्या गेल्या घरोघर जाऊन, दुभाष्या घेऊन, मिठाविरुद्ध व्याख्यानं दिली. "तीन महिनं बोलत हुते. तीन महिन्यांत एक बाळ माझ्या हातात आलं न्हाई. मग तिथल्या म्हाताऱ्या सुईनीच्या दारात जाऊन बसले. खजुराच्या बिया काढल्या. बोली येत न्हवती ते बरंच झालं, तोंड बंद ऱ्हायलं. एक दिस तीच मला हाताला धरून घेऊन गेली."

"आणि मीठ?"

"पुरतं सुटलं न्हाई. तिनं सोडलं. तिच्या दोघी लेकींनी सोडलं." थोडं चालून म्हणाल्या, "मिठाला मी हसले न्हाई कवा. माझ्या थोरल्या बहिनीला आमच्या आईनं बाळंतपनात पाच दिस पानी दिलं न्हवतं. वल्या अंगाला पानी बाधतं म्हनून. तापानं गेली ती. आई काय वैरीन हुती व्हय तिची?"

मी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या पत्रकातलं एक वाक्य मनातल्या मनात खोडलं. चावडीवरचं पत्रक काढायचा धीर मात्र झाला नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळी ताराला कळा सुरू झाल्या. दुपार झाली तरी सुटका होईना. धोंडाबाई आतून घामाघूम होऊन बाहेर आली, मला म्हणाली, "मूल आडवं हाय. पळ. माज्या अंगनात बसलीया, तिला आन."

ताराची सासू दारात आडवी आली. "ती? वेशीभाईरची? माज्या घरात?"

"आत समदा इटाळच हाय," धोंडाबाई ओरडली, "आनखी काय इटाळायचं ऱ्हायलंय? सर बाजूला!"

बाई आल्या. नखं, हात, साबण, उकळतं पाणी. आत काय झालं ते मला माहीत नाही. बाहेर मी आणि भावजी एकमेकांकडे न बघता बसलो होतो. तिन्हीसांजेच्या आत मूल रडलं. मुलगी. मी आयुष्यात इतका चांगला आवाज ऐकला नव्हता.

पण तारा वाचली असं अजून म्हणता येत नव्हतं. रक्त बरंच गेलेलं, ओठ कोरडे. ती पाणी मागत होती आणि सासू म्हणत होती, "पाच दिस न्हाई. रीत हाय." आम्ही सगळे धोंडाबाईच्या तोंडाकडे बघत होतो. रीत तिची, हुकूम तिचा. मी दारातून बाईंना खुणावत होतो: बोला, सांगा, ओरडा! बाई बोलल्या, पण शेजारणीनं सहज विचारावं तसं म्हातारीला विचारलं.

"मावशी, तुमची मेंढी व्याली, की तिला पानी कवा दावता?"

"लगीच," म्हातारी सवयीनं म्हणाली. "न्हाईतर दूद कुठनं यील? माया कशी लावंल?"

धोंडाबाई ताराकडे बघत राहिली. मग स्वतःच्या नातीवर खेकसावं तशी सासूवर खेकसली, "उबी काय ऱ्हायलीस? दे तिला पानी. कोमट दे. घोट घोट दे."

तारा वाचली. तिची मुलगी आता दोन वर्षांची आहे आणि मला मामा म्हणायचं सोडून नावानं हाक मारते.

महिन्याभरानं धोंडाबाई चावडीवर गेली आणि पाटलांना म्हणाली, "खोली मला पायजे. चूल पायजे, मोठं भगुनं पायजे, आन् साबन. तू सोता माज्या हातावर जन्मला हाईस, न्हाई म्हनू नगंस." पाटील न्हाई म्हणाले नाहीत. धर्मशाळेची कडेची खोली मिळाली. माझं पत्रक मी त्याच दिवशी खरवडून काढलं आणि बाईंना म्हणालो, "खोलीवर तुमच्या नावाची पाटी लावू. मी रंगवतो."

"कशाला? बाळंतीन पाटी वाचून येती व्हय? धोंडामावशीची खोली म्हनत्यात, तेच ऱ्हाऊ दे."

दोन वर्षं त्या तिथे राहिल्या. धोंडाबाईच्या हाताखाली आणखी चार बाया तयार झाल्या. मिशनच्या गोऱ्या मंडळींनी कामाचा अहवाल मागितला, तेव्हा बाईंनी सुईणींची नावं लिहून पाठवली. स्वतःचं राहून गेलं. परदेशी मिशनबद्दलचे माझे आक्षेप पुष्कळसे आजही कायम आहेत आणि ते मी त्यांना तोंडावर सांगत असे. त्या म्हणत, "बरोबर हाय तुझं. ल्ही. पर आधी ज्याच्याबद्दल लिवतोस त्याला भेटत जा."

गेल्या महिन्यात त्या नव्या कामाला गेल्या; जतच्या पलीकडे, जिथे सगळे कानडी बोलतात तिथे. वडूजला मोटारीवर पोचवायला मी, तारा आणि धोंडाबाई होतो. म्हातारीनं त्यांच्या मांडीवर नवी घोंगडी टाकली आणि तोंड फिरवलं. मी म्हणालो, "बाई, तुम्हाला कानडी कुठं येतं?"

"एक अक्षर न्हाई," त्या अगदी खुशीत म्हणाल्या. "परत मुकी व्हायला चालले बघ."

मोटार सुटली. छत्री खिडकीबाहेर काढून त्यांनी ती दोनदा हलवली.

वाचकहो, देश स्वतंत्र झाला, आता गावोगाव दवाखाने होतील, असं आपण सगळे बोलतो. होतील, व्हायलाच हवेत. तोवर एक करा. या आठवड्यात आपल्या गावच्या सुईणीचं घर गाठा. तिला काही शिकवू नका. तिला काय लागतं ते विचारा, ती सांगेपर्यंत थांबा, आणि ती जे मागेल ते मिळेपर्यंत चावडीवरून हलू नका.