पाणी मोजायचा पेला

“पाणी आवरलं नाही हो तिला. डॉक्टर तरी काय करणार?” बाहेरच्या खोलीत मोठे काका पाहुण्यांना सांगत होते. मी स्वयंपाकघरात कॉफीचं डिकॉक्शन गाळत होते. आत्याला जाऊन महिना झाला होता, आणि चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या तिच्याच घरात, तिच्याच खुर्चीत बसून काका तिच्या मरणाचं कारण ठरवत होते.

आत्याची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि पाणीही मोजूनच, जास्त झालं तर अंगात साठतं म्हणून. शनिवारी मी पेरुंगुडीहून येऊन सोबत जायचे. आम्ही दोघी कमी बोलायचो... मी बुजरी म्हणून, आणि तिला समोरच्याला गप्प करायला एक वाक्य पुरायचं म्हणून. मशीनला जोडलेली असताना ती शेजारच्या पलंगावरचं भांडण डोळे मिटून ऐकायची आणि शेवटी पुटपुटायची, “सून बरोबर आहे.”

मग तिची भूक गेली. रक्त वाढवायची इंजेक्शनं लागू पडेनात. सीआरपी, म्हणजे शरीरात कुठेतरी दाह चालू असल्याची खूण, प्रत्येक तपासणीत चढलेलं. “डायलिसिसवाल्यांचं थोडं वर असतंच,” म्हणून मोठे डॉक्टर पुढच्या पलंगाकडे जायचे. नव्या आलेल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तिचा डावा दंड चाचपला. तिथे आधीच्या डायलिसिससाठी घातलेली कृत्रिम नळी होती, केव्हाच बंद पडलेली, तशीच आत राहिलेली. दाह तिथूनच आहे, ती काढा, नाहीतर जंतू रक्तात पसरतील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

आमच्या घरात काकांना विचारल्याशिवाय कुणी दातसुद्धा काढत नाही. आजोबांमागे त्यांनीच आत्याला, धाकट्या बहिणीला, शिकवलं. ते ती विसरली नाही, आणि त्यांनी विसरू दिलं नाही. काका म्हणाले, “दाह म्हणजे सूडु, अंगातली उष्णता. शहाळं घे.” रोज शहाळी येऊ लागली. शहाळ्यातलं पोटॅशियम डायलिसिसच्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं, हे आत्याला ठाऊक होतं. ती ते पाणी गॅलरीतल्या जास्वंदीला घालायची. “हिला फार सूडु झालाय गं,” म्हणायची.

पण ऑपरेशनची तारीख आडि महिन्यात, म्हणजे तमिळ आषाढात आली. काका म्हणाले, “आडीत नवं काही करत नाहीत. संपू दे.” जुनी नळी काढायची होती, त्यात नवं काय होतं? आणि त्यांचं शहाळं झाडाला घालणारी माझी आत्या म्हणाली, “बरं, अण्णा.” त्या ‘बरं’चा मला अजून राग येतो... तिचाही. आडि संपायच्या आत ती हुडहुडी भरून तापली. जंतू रक्तात पसरले होते.

कपाटात तिचा बोटभर उंचीचा स्टीलचा पेला होता. दिवसाचं पाणी ती त्यानंच मोजून प्यायची, शेवटचा घोट तोंडात धरून ठेवायची. मी त्यात कॉफी ओतली आणि बाहेर काकांपुढे ठेवली.

“हे काय? देवाला नैवेद्य दाखवतेस?” पाहुणे हसले.

“आत्याचा पेला आहे, काका,” मी म्हणाले. “ती याच्यावर दिवस काढायची. पाण्यानं नाही गेली ती. तुम्ही थांबा म्हणालात, म्हणून गेली.”