नावं घातलेला कॉम्प्युटर

मानसिंग माझा मित्र. मी भोरला मराठी घेऊन बी.ए. झालो, तो त्याच वर्षी ड्राफ्ट्समनचा कोर्स करून बाहेर पडला. मी आता भोरमध्येच शिकवण्या घेतो. तो गुंजवण्याला घरी बसून बंगले काढतो.

बंगले म्हणजे पानशेतच्या बाजूला पुण्याचे लोक शनिवार-रविवारसाठी बांधतात ते. अजून न बांधलेले. मानसिंग ते आधी कॉम्प्युटरवर उभे करतो. खिडकीतून धरण दिसतं, टेबलावर फळं ठेवलेली असतात. मालकाला हे आवडलं की मग खरा पाया खणतात.

अडचण झाडांची होती. मानसिंगचा लॅपटॉप जुना. भिंती व्हायच्या, जिना व्हायचा. एक आंबाही चालायचा. दुसरा आंबा लावला की पडदा निळा. त्यामुळे मानसिंगचे सगळे बंगले उजाड माळावर असत, आणि प्रत्येकापुढे एक आंबा.

त्याला कामं द्यायच्या पुण्याच्या आर्किटेक्ट, नूतन मॅडम. त्यांनी या वेळी स्पष्ट सांगितलं. गिऱ्हाइकाला बागेतून चालून बघायचं आहे. झाडं हवीत, पानं हलायला हवीत. दसऱ्यानंतरच्या शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर हेही काम दुसऱ्याकडे जाईल आणि पुढचीही.

इकडे मानसिंगचे थोरले चुलते गेनबा तात्या यांनी शिरवळच्या एका कारखान्यात त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. बंगले गेले की मानसिंग पाळीवर जाणार. त्याला जायचं नव्हतं. तो तसं म्हणाला नाही. मानसिंग कुणालाच नको म्हणत नाही. एका घरी चहा झाला असला तरी दुसऱ्या घरी घेतो, तिसऱ्या घरीही घेतो. पण शिरवळचं सांगताना त्याने कप अर्धा ठेवला. मला तेवढ्यावरून कळलं.

मग तो म्हणाला, कॉम्प्युटर करायचा. तयार आणायचा नाही. एकेक भाग निवडून जोडायचा.

महिनाभर तो त्याच नादात होता. घरात रेंज नाही, म्हणून गावाजवळच्या धरणाच्या भिंतीकडे जाऊन बसायचा आणि मोबाईलवर कॉम्प्युटर जोडणाऱ्या लोकांना बघायचा. मला समजावून सांगायचा. प्रोसेसर म्हणजे डोकं. ते ज्या मदरबोर्डावर बसतं त्याचा साचा त्याला जुळला पाहिजे. झाडं दिसायला ग्राफिक्स कार्ड लागतं. कार्डाला वीज पुरली पाहिजे. आणि हे सगळं ज्या पेटीत राहतं, त्या कॅबिनेटमध्ये मावलं पाहिजे. एक बदललं की सगळं बदलतं. मी मान हलवायचो. मला वाटायचं, एवढा विचार तर लोक लग्नातही करत नाहीत.

निवड पक्की झाली. आणि मानसिंगने ती घरी सांगितली.

त्यांच्या घरात वस्तू एकट्याने आणत नाहीत. भावकी आणि सोयरे मिळून आणतात, आणि जो जे देतो त्यावर त्याचं नाव घालतो. तांब्यापासून पाण्याच्या मोटारीपर्यंत. तात्यांच्या कानातलं ऐकायचं यंत्र धोंडाबाई आत्यांनी दिलं आहे. मान वळवली की कानामागे आत्यांचं नाव दिसतं. गावच्या पाण्याच्या टाकीला शिडी आहे. तिच्या प्रत्येक पायरीवर एकेका वडीलधाऱ्याचं नाव आहे. त्यावर पाय ठेवणं बरं दिसत नाही, म्हणून टाकी धुतली जात नाही.

तेव्हा बैठक बसली. मलाही बोलावलं, शिकलेला म्हणून. मानसिंगने एकेक भाग समजावला. लोकांनी प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारला. ते बाहेरून दिसतं का?

प्रोसेसर कुणी घेतला नाही. बिस्किटाएवढी वस्तू, तीही पंख्याखाली झाकलेली. ती काय द्यायची? वीज पुरवणाऱ्या डब्यालाही कुणी विचारलं नाही. ते दोन्ही मानसिंगच्या वाट्याला आले. मेमरीच्या पट्ट्यांना दिवे असतात हे कळल्यावर आत्यांनी त्या घेतल्या. एकीवर स्वतःचं नाव, दुसरीवर कैलासवासी मामंजींचं.

ग्राफिक्स कार्ड भिमा मामांनी पत्करलं. ते मानसिंगबरोबर पुण्याला गेले. मानसिंगने ठरवलेलं कार्ड त्यांनी हातात घेऊन पाहिलं आणि हलकं म्हणून परत ठेवलं. मग दुकानातली सगळी कार्डं तळहातावर तोलली. सगळ्यात जड होतं ते घेतलं. ते ठरवलेल्या पेटीत मावत नव्हतं. म्हणून पेटी मोठी घेतली. मोठ्या पेटीच्या एका बाजूला काच होती. भावकीला ती फारच पसंत पडली, कारण काचेवर पुष्कळ नावं बसतात.

राहिला मदरबोर्ड. मानसिंग म्हणाला होता की घराला जसं जोतं, तसा हा. तात्यांनी फार विचार केला नाही.

“समदं ज्याच्यावर बसतं, ते थोरल्यानं द्यायचं असतंय,” ते म्हणाले.

नावांसाठी मानसिंगने चिकटपट्ट्या छापून घ्यायचं सुचवलं. तात्यांनी ऐकून घेतलं. चिकटवलेलं सुटतं, म्हणाले. मानसिंगने मान डोलावली. मीही डोलावली.

भोरच्या पेठेत भांड्यांवर नावं घालणारा एकजण बसतो. हातात थरथरती सुई, खाली तांब्या. आत्यांच्या मेमरीवर त्याने नाव घातलं. वर पत्रा होता, म्हणून आतलं वाचलं. मामांच्या कार्डाच्या पाठीलाही जाड पत्रा होता. मामांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा सगळं बसलं, तरी जागा उरली म्हणून त्याने एक कमळ काढून दिलं. मानसिंगने दोन्ही वस्तू तपासल्या. शाबूत होत्या. त्याला जरा धीर आला.

मग तो एका प्लॉटची मापं घ्यायला पानशेतला गेला. त्या दिवशी तात्या एसटीने भोरला आले.

दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. कॉम्प्युटर त्याच दिवशी सुरू करायचा ठरला होता. सकाळी तात्यांनी नव्या टॉवेलात गुंडाळलेला मदरबोर्ड मानसिंगच्या हाती दिला. पुढच्या बाजूला खाचा, खुंट्या, पट्ट्या. नाव घालायला जागाच नाही. मागची बाजू मात्र सपाट. त्या सपाट बाजूवर या कडेपासून त्या कडेपर्यंत लिहिलं होतं. गेनबा रखमाजी यांजकडून चिरंजीव मानसिंग यास सप्रेम भेट. खाली विजयादशमी. अक्षर वळणदार होतं. मागच्या बाजूला केसासारख्या बारीक तांब्याच्या रेघा असतात. त्या सगळ्या अक्षरांनी कापल्या होत्या.

मानसिंगने ते वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मग खाली बसला आणि कॉम्प्युटर जोडायला लागला.

मी हळूच म्हणालो, “सांग त्यांना.”

“काय सांगू? तुमच्या नावानं मेला म्हणून?”

त्याने सगळं नीट जोडलं. इतकं नीट की मला वाटलं, चालेल बहुतेक. काचेवर भावकीची नावं. काचेआड आत्या, मामंजी, मामा, कमळ. हळदकुंकू झालं, झेंडू झाला. तात्यांनी नारळ फोडला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. मामांनी दाबलं. आत्यांनी पदर खोचून दाबलं.

सगळे मानसिंगकडे बघायला लागले. नूतन मॅडमची बाग शुक्रवारी द्यायची होती. मानसिंग उभा राहिला. मी त्याला इतक्या वर्षांत कधी असं बोलताना पाहिलं नव्हतं.

“तात्या, तुमचं नाव लई खोल गेलंय. तारा तुटल्या. बोर्ड गेला.”

तात्यांनी कानातलं यंत्र सारखं केलं.

“किती खोल?”

“पार आत.”

“धोंडीचं गेलंय का एवढं?”

“न्हाई. तिचं वरच्या पत्र्यावर हाय.”

“आन् भिमाचं?”

“त्यांचं बी वरवरच.”

तात्यांच्या चेहऱ्यावर दुःख असेल असं मला वाटलं होतं. मी नीट पाहिलं. दुःख नव्हतं.

“व्हय,” आत्या म्हणाल्या, “आमच्या तात्याचं नावच जड. मशीनला झेपलं न्हाई.”

बोर्ड बाहेर काढून भिंतीवर लावायचं ठरलं, पाठ पुढे करून, म्हणजे नाव दिसेल. तो आजही तिथे आहे. पण नवा बोर्ड कुणी द्यायचा यावर गाडी अडली. दुसऱ्या कुणी दिला तर थोरल्याची जागा जाणार. तात्यांनी परत दिला तर परत नाव घालावं लागणार. बिननावाची वस्तू घरात चालणार नाही. मानसिंग स्वतःचे पैसे घालायला तयार होता. पण पुतण्याच्या जोत्यावर चुलत्यांनी कसं बसायचं, असं मामा म्हणाले. यात चुलते कुठेच बसणार नव्हते. मी तसं म्हणालो. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

मार्ग तात्यांनीच काढला. लग्नात मोठी पातेली उसनी आणतात. त्यांवर आपलं नाव नसतं आणि त्यात कुणाचा कमीपणाही नसतो. तेव्हा बोर्ड उसना आणायचा. नात्याबाहेरच्या माणसाकडून.

तिथे नात्याबाहेरचा मी एकटाच होतो.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला गेलो. मानसिंगने पैसे आणि कागदावर बोर्डाचा नंबर दिला होता. मी बोर्ड घेतला, भोरला आलो, आमच्या घरात आणून ठेवला. मग मानसिंग रीतसर आला, बोर्ड आहे का विचारलं, आणि उसना घेऊन गेला.

या वेळी बटण एकदाच दाबावं लागलं. आत्यांची मेमरी निळी झाली, मामंजींची हिरवी.

मानसिंगने शुक्रवारपर्यंत झाडं लावली. आंबे, फणस, जांभळं, बांबूची बेटं. इतक्या वर्षांचं राहिलेलं सगळं त्याने त्या एका प्लॉटवर लावलं. पानं हलत होती. मी स्वतः त्याच्या पडद्यावर त्या बागेतून खूप वेळ चाललो. शुक्रवारी दुपारी नूतन मॅडमचा फोन आला. गिऱ्हाईक खूश होतं. त्याचा एकच प्रश्न होता, बंगला कुठे आहे. मानसिंगने संध्याकाळपर्यंत थोडी झाडं कमी केली. मग बंगला दिसला. पुढच्या दोन बंगल्यांचं कामही त्यालाच मिळालं. शिरवळच्या कारखान्यात तात्यांनी स्वतः जाऊन नाही म्हणून सांगितलं. म्हणाले, मुलाकडे लोकांची वस्तू आहे, ती सोडून त्याला जाता येणार नाही.

म्हणजे मी बी.ए. मराठी, आणि गुंजवण्याला माझा एक मदरबोर्ड आहे. तात्या भेटले की विचारतात, लागतोय का तुम्हाला? मी म्हणतो, असू द्या. ते म्हणतात, लागला तर संकोच करू नका.

परवा त्यांनी एसटीने एक पोतं पाठवलं. मागून फोनवर सांगितलं की उसनं भांडं कधी रिकामं परत करायचं नसतं. हे परत करता येत नाही, तर निदान त्यात घालायचं ते तरी पोचवतो. पोत्यात तांदूळ होता. आईने विचारलं, कशाबद्दल? मी खरं ते सांगितलं.

आईने पोत्याचं तोंड सोडलं, मूठभर तांदूळ घेऊन हुंगला.

“इंद्रायणी आहे,” ती म्हणाली. “त्यांना विचार, आणखी काही लागतंय का.”