काशीला सोडलेलं गोड

मालकांनी काशीला कारलं सोडलं होतं. काशीयात्रेला गेलेल्या माणसाने आपल्या आवडीचा एक पदार्थ गंगेच्या साक्षीने कायमचा सोडायचा, अशी रीत. मालकीणबाईंनी प्रामाणिकपणे वांगं सोडलं, आणि पुढे दर हिवाळ्यात शेजारून भरीताचा वास आला की त्या पदर नाकाला लावून बसायच्या. मालकांनी मात्र कारल्याला जन्मात हात लावला नव्हता. "मन मोठं करा लागते," ते सांगायचे, "तवा सुटते."

मी त्या घरी स्वयंपाक करायचे. सत्तरनंतरची ती वर्षं. मी कोकणातली, शाळा चौथीत सुटलेली. नवरा मालकांचा ट्रक चालवायचा आणि नागपूरबाहेर वाडीला त्यांच्या गोदामामागची खोली आम्हाला मिळाली होती. मालक संत्र्याचे व्यापारी, घर शहरातल्या महाल भागात. सकाळी बसने जायचं, संध्याकाळी परत. माझं गाव इतकं लांब की आईला पाठवलेल्या पत्राचं उत्तर येईपर्यंत मी काय लिहिलं होतं तेच विसरायचे. नोकरी, खोली, नवऱ्याचा ट्रक, सगळं एकाच घराच्या मर्जीवर. हे लोक आपल्याला ठेवून घेतात याचं मला रोज नवल वाटायचं, आणि रोज भीतीही. पोळी जरा जाड झाली तरी मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घ्यायचे.

मालकांना पोळी पातळ लागायची. कणीक दोनदा चाळायची, कोंडा गाईला. मग एकदा त्यांचं तोंड सारखं कोरडं पडू लागलं, तहान भागेना, आणि डॉक्टरांनी शुगर सांगितली. यादी दिली: गोड बंद, बटाटा बंद, भात मूठभर. पीठ चाळायचं नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, काकडी, मुळा. "पोटात चोथा गेला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "वजन उतरवा. आणि कारलं खात जा."

"बाकी सगळं खाईन जी," मालक हात जोडून म्हणाले, "पण कारलं काशीले सोडलं."

कोंडा आता मालकांच्या वाट्याला आला. गाय दोन दिवस चाळणीच्या आवाजाची वाट बघत उभी होती. मला तर हसावं की रडावं कळेना. आमच्या गावी नाचणीची भाकरी आणि रानातला पाला खाऊनच मी मोठी झाले. शहरात गेलं की बिनकोंड्याचं मिळतं, एवढीच माझी शहराची कल्पना. ते मिळालेला माणूस आजारी पडतो, हे मला नागपुरात कळलं. आमच्याकडे त्या आजाराचं कौतुक झालं असतं.

लघवी तपासायचं कामही माझ्याकडेच आलं. नळीत निळं औषध घ्यायचं, आठ थेंब टाकायचे आणि दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर ठीक. मग हिरवं, पिवळं, नारिंगी आणि शेवटी विटेसारखं लाल. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा असते असं मी ऐकून होते. माझी प्रयोगशाळा म्हणजे मालकांच्या न्हाणीमागची ओसरी. नळी नारिंगी व्हायची. संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या घरात तो रंग बघून कुणाचं तोंड उतरावं, हे तेवढ्याच वेळी घडायचं.

मालकांनी डॉक्टरांचं सगळं ऐकलं, फक्त त्यांच्या पद्धतीने. पाटावर बसले की म्हणायचे, "कोकणीण, आधी औषध आण." मी भाकरी, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी वाढायचे. तोंड वाकडं करून ते संपवायचे, वर पाणी प्यायचे. "घेतलं बाप्पा औषध. आता जेवाले वाढ." मग रोजचं जेवण: पातळ पोळ्या, वडाभात, त्यावर फोडणीचं तेल आणि शेवटी दोन संत्राबर्फ्या. महिन्याने डॉक्टरांकडे तक्रार, "इतकं औषध खाऊन राहिलो, तरी शुगर उतरून नाही राहिली." जणू भाकरीतच भेसळ होती.

अशात मालकांच्या मुलीला काटोलचं स्थळ आलं. घरची संत्र्याची बाग, मुलगा शिकलेला, मुलीलाही पसंत. मालकीणबाईंनी मला चुलीपाशी गाठलं.

"बाहेर शबुद नाही गेला पायजे वं. बापाले शुगर आहे म्हणून समजलं तर पोरीले कोणी करून नाही घेणार. रक्तातून येते म्हणतात."

"नाही सांगणार, बाई."

"अन् त्या दिवशी याईचं, तुया मालकाचं, ताट सगळ्यांसारखंच पायजे."

बोलणी करायला पाहुणे आले त्या सकाळी नळी विटेसारखी लाल झाली होती. मालकांच्या पायाच्या बोटाला तीन आठवड्यांपासून जखम होती, आणि बोट काढावं लागेल असं डॉक्टर परवाच म्हणून गेले होते. तेच डोक्यात घेऊन मी पुरण वाटलं. पंगत बसली. मुलाचे वडील, मुलाची आत्या, त्यांच्या समोर मालक. मी वाढत वाढत मालकांच्या ताटाशी आले आणि रोजच्या सवयीने हाताने आधी औषधच वाढलं. भाकरी, अंबाडी, चटणी. मालकांनीही सवयीने तोंड वाकडं करून घास घेतला.

आत्याबाईंची नजर बारीक होती.

"काहून जी, आम्हाले पुरणपोळी अन् तुम्ही भाकर खाऊन राहिले? डॉक्टरनं-गिक्टरनं सांगतलं का?"

मालकीणबाईंच्या हातातली तुपाची वाटी जागच्या जागी थांबली. दाराआड मुलगी होती, तिच्या बांगड्यांचा आवाजही थांबला. मालकांच्या तोंडात घास, बोलणार कोण? माझ्या डोळ्यांपुढे ट्रंक आली.

"मालकांनी काशीला गोड सोडलंय," मी म्हणाले.

"सगळंच गोड?"

"सगळं. चाळलेल्या पिठाची पोळीपण." भीतीला एकदा तोंड फुटलं की ती थांबत नाही. "भातपण. बटाटापण. मुलीला चांगलं घर मिळावं म्हणून." डॉक्टरांची अख्खी यादी मी गंगेला वाहून टाकली.

आत्याबाईंनी कपाळाला हात लावून नमस्कार केला. मुलाचे वडील मालकांकडे वळले.

"दादा," ते म्हणाले, "लोक कारलं सोडून येतात अन् गावभर सांगत फिरतात. तुम्ही तं जेवणच सोडलं."

मालकांनी मान खाली घालून भाकरी संपवली. त्यानंतर त्यांना काही वाढता येईना. सगळे पुरणपोळीवर तूप ओतून घेत होते आणि मालक काकडी चावत होते. हात धुवायच्या आत लग्न ठरलं.

पाहुणे गेल्यावर मी भिंतीला टेकून उभी राहिले.

"गोड सोडलं, ते समजलो," मालक म्हणाले. "भात कशाले सोडाले लावला वं?"

"अन् बटाटा?" मालकीणबाई म्हणाल्या. "तो तर उपासाले चालते!"

"हिनं मले जितेपणी गंगेत बुडवलं." पण मला काढायचं कुणी बोललं नाही.

पुढे जे झालं ते डॉक्टरांनाही जमलं नव्हतं. बातमी काटोलहून बाजारात आली. डॉक्टरांना फसवता यायचं, ते महिन्यातून एकदा भेटायचे. अख्ख्या बाजाराला कसं फसवणार? बर्फीवाला हात जोडायचा, "मालक, तुम्हाले देऊन मले पाप नाही घ्याचं." खेड्यांतून येणारे बागाईतदार संत्र्यांच्या गाडीवर अंबाडीच्या, चिवळीच्या जुड्या आणून ठेवायचे. बाया पोरांना त्यांच्या पाया पडायला लावायच्या. मालक आशीर्वाद द्यायचे आणि घरी येऊन माझ्याकडे असे बघायचे की मी वरणात पाणी घालायचं विसरायचे. नळी पिवळी झाली, हिरवी झाली. बोटाची जखम भरली. धोतराला एक जास्तीची निरी पडू लागली. डॉक्टर म्हणाले, "बघा, माझ्या गोळ्या."

लग्नाच्या दिवशी मांडवात जिलब्यांच्या पराती येत होत्या. मालकांसमोरून परात आली की वाढपी आपणहून तिरका व्हायचा. पाठवणीआधी मुलगी शालू सावरत आली, हातात जिलबी.

"बाबा, झालं न लग्न? मिळालं न घर? आता खा."

त्या पंगतीपासून बाबांनी आपल्यासाठी खरंच सगळं सोडलं, असं तिला वाटत होतं. घरात खरं सांगावं असं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आत्याबाई वरमायांच्या घोळक्यात होत्या, दुसरं कुणी बघत नव्हतं. मीही तोंड फिरवलं. मनातून वाटलं, खाऊ दे एक.

मालकांनी जिलबी घेतली. पाक मनगटापर्यंत ओघळला.

"नाही बाई," ते म्हणाले. "तुयासाठी सोडलं. असं पुन्हा घेता येते का?" आणि जिलबी तिलाच भरवली. भरवताना त्यांचा आवाज फाटला. त्यात मुलगी किती आणि जिलबी किती, हे मला आजही सांगता येणार नाही. पण खोटं माझं होतं, आणि त्या दिवसापासून ते मालकांचं झालं.

मग नाक पुसत ते माझ्याकडे वळले. "कोकणीण, पाहून काय राहिली? भूक लागली. भाकर टाक."

शेकड्यांनी माणसं जेवून उठली होती, पण त्या मांडवात ज्वारीचं पीठ चिमूटभर नव्हतं. नव्या लुगड्याचा ओचा खोचून मी शेजारच्या घरांची दारं वाजवत निघाले.