पुलाची कमजोर जागा

नदीवरच्या लोखंडी पुलाची तपासणी एकवीस वर्षं एकच बाई करत होती. सगळे तिला पूलबाई म्हणत. ढिला बोल्ट ती हातोडीच्या आवाजावरून ओळखायची. पूल सरहद्दीवर होता. पलीकडे मित्रदेश, आणि पुलापासून पायी दहा मिनिटांवर तिच्या थोरल्या बहिणीचं घर.

मग त्या मित्रदेशावर त्याच्या पलीकडच्या शेजाऱ्याने हल्ला केला. इकडचं सैन्य मदतीला जाणार, म्हणून पुलाला रणगाडे पेलतील का हे पूलबाईने तपासून दिलं. पण आठवड्याभरात मित्रदेशाची फळी कोसळली आणि वरिष्ठांचा बेतच फिरला. आता पलीकडे जायचं नव्हतं, शत्रूला नदीवरच अडवायचं होतं.

सकाळी कचेरीत एक मेजर आला. त्याने दार लावून घेतलं आणि पुलाचा नकाशा तिच्यापुढे पसरला.

"बाई, कुठे उडवला तर एका दणक्यात कोसळेल?"

"आणि लोक? लढाईपासून पळून रोज हजारभर माणसं येतायत त्यावरून."

"वेळ आली तर आधी त्यांना थांबवू."

"तेवढा वेळच मिळाला नाही तर?"

त्याने नुसती पेन्सिल पुढे सरकवली. "यातलं अक्षर बाहेर जाता कामा नये. घरीसुद्धा."

तिने तीन खुणा केल्या. तिसरी पुसून पुन्हा काढावी लागली.

दुपारी बाथरूमची कडी लावून तिने बहिणीला फोन केला.

"ताई, भाऊजींना घेऊन आजच इकडे ये."

"आज? अगं, ह्यांच्या पायाचं प्लॅस्टर परवा काढायचंय. लढाई कुठे, आम्ही कुठे! लहानपणापासून भित्री ती भित्रीच तू."

"हो, आहे मी भित्री. पण ये."

ताईचा सूर बदलला. "काय झालंय गं?"

"काही नाही. ये ना गं."

संध्याकाळी पाचला ताई भाऊजींची चाकाची खुर्ची ढकलत पुलावर आली. खाली सैनिक पुलाला स्फोटकांची खोकी बांधत होते. डागडुजी चाललीय, असं लोकांना सांगितलं होतं. खुर्चीचं चाक मधल्या सांध्यात अडकलं तेव्हा अलीकडे उभ्या पूलबाईला ओरडायचं होतं, पण लोकांना संशय आला असता. शेवटी कुणा अनोळखी माणसाने खुर्ची उचलून दिली.

लढाई नदीपासून अठरा किलोमीटरवर थांबली. तह झाला. खोकी मात्र तिथेच राहिली. पूल केव्हाही उडवता येईल असा ठेवायचा, यापुढे धोरण हेच, असं मेजर म्हणाला.

ताईला घराची ओढ लागली. पूलबाईने एकेक सबब सांगत दीड महिना काढला. शेवटी ताई भडकली, "मी काय कैदी आहे का तुझी?" सगळं सांगून टाकावं असं पूलबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं.

मंगळवारी सकाळी दोघं निघाली. भाऊजी काठी टेकत चालत होते, सावकाश, फार सावकाश. पुलाच्या मधोमध ताई थांबली, कठड्यावरून वाकून पाणी बघू लागली. मग वळून तिने हात हलवला.

पूलबाईनेही हात वर केला. "चल ना ताई, चल," ती पुटपुटत होती.

ती दोघं पलीकडे दिसेनाशी झाली. तेव्हा कुठे पूलबाई तिथेच रस्त्याच्या कडेला बसली.