जावईबापूंना पाच गुण

नापास व्हायला आसुसलेला माणूस मी अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच पाहिला, आणि ते नेमके माझे साडू निघाले. संगणकाला शब्द सांगितला की तो चित्रं शोधून देतो. ती चित्रं शोधणाऱ्याच्या उपयोगी पडली का, हे माणसांना विचारत हिंडायचं, ही त्यांची नोकरी. "यंत्र शहाणं आहे का, हे यंत्राला नाही, शोधणाऱ्याला विचारावं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. ही सवय इतकी अंगात मुरलेली की शिवऱ्याच्या हॉटेलात चहा पिणाऱ्या अनोळखी माणसालाही ते विचारत, तुम्हाला हवं होतं तेच मिळालं का, आणि समाधान एक ते पाचात किती? तो बिचारा कप घेऊन दुसऱ्या बाकड्यावर जाई. लग्नाचा अल्बम पुढ्यात ठेवून त्यांनी बायकोलाही हेच विचारलं होतं. तिनं दिलेले गुण त्यांनी अजून कुणाला सांगितलेले नाहीत.

एकदा त्यांच्या साहेबांनी बजावलं, यंत्राच्या खऱ्या चुका आणा, नाहीतर हे काम दुसऱ्याला देतो. साडूंनी चाचणीसाठी निवडली आमची सासुरवाडी, वेल्ह्याच्या वाटेवरचं विंझर. आता जावयाला कमी गुण द्यायची रीत जगात कुठल्या सासुरवाडीत आहे? पाटीएवढा, बोटानं चालणारा संगणक काखेत मारून ते निघाले; मी गंमत बघायला सोबत गेलो. सासूबाईंनी भाताची रोपं मागितली; यंत्रानं अंडं घातलेल्या फ्राइड राइसची बशी पुढे केली. "पाच लिवा," सासूबाई म्हणाल्या, "जावईबापूंनी दावलंय, वंगाळ कसं म्हनायचं?" शेजाऱ्यानं खिलारी बैल मागितला, त्याला ट्रॅक्टर मिळाला. त्यानंही पाच दिले आणि वर जेवायचा आग्रह केला. शोधणाराच पाच म्हणतो म्हटल्यावर चूक कागदावर येईना; साडू रडकुंडीला आले.

शेवटी उरली आमच्या बायकांची म्हातारी आत्या. तिचं माहेर, म्हणजे सासऱ्यांचं मूळ गाव, धरणात गेलेलं; त्यानंतर घर विंझरला आलेलं. तिनं त्याच गावाचं नाव सांगितलं. पडद्यावर आलं नुसतं पाणी, त्यात होड्या, काठावर तंबू आणि गॉगल लावलेली मंडळी. आत्या बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, पाच.

"आत्या, घर सापडलं का?" साडूंनी विचारलं.

"न्हाई."

"मग पाच कसले?"

"तुमी हुडकलं तरी. गाव बुडाल्यापासनं कुठं व्हतं म्हनून कुणी इचारलं बी न्हाई."

शोधणाऱ्यानं स्वतः 'न्हाई' म्हटलेली, साडूंना हवी होती ती चूक अखेर मिळाली होती. पण ती टिपून घ्यायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही. दार कुणीकडं होतं, असं त्यांनी हळूच विचारलं. आत्या पाण्यावर बोट टेकवून दाखवू लागली. बोट लागलं की चित्र सरकायचं. साडू ते परत तिच्या बोटाखाली आणून ठेवत होते.